तोंडी सांगितलेलं शाळेत कुठंच राहत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात पालकांसाठी एक कॉलम आला होता, मूल अभ्यासात मागं पडत असेल, काही वेगळी अडचण असेल तर पालकांनी 'शाळेशी मोकळेपणानं संवाद साधावा' असं त्यात लिहिलं होतं. वाचून आधी हसू आलं आणि मग चहा पिता पिता रागही आला, म्हणून हे पत्र. हे मी मोबाईलशी बोलून टाइप करतोय त्यामुळं वाक्यं लांब झाली, कुठं काही राहिलं तर सांभाळून घ्या. हे बोलून टाइप करायचं मला माझ्या नातवानं शिकवलं आणि त्याच्याचमुळं हे सगळं लिहायची वेळ आलीय.

मी 33 वर्षं एका अनुदानित हायस्कूलच्या ऑफिसात लिपिक होतो. म्हणजे पालक आणि शाळा यांचा जो काय 'संवाद' होतो तो माझ्या टेबलासमोर उभा राहून व्हायचा. तो कसा होतो ते मला चांगलं ठाऊक आहे. आई येते, पदर किंवा ओढणी सावरत दारात थांबते, सर आहेत का विचारते, सर मीटिंगमध्ये असतात, मग ती आमच्यासारख्याला सगळं सांगते, आम्ही 'बरं बरं, सांगतो मी सरांना' म्हणतो आणि ती गेली की पगारबिलाच्या मागं लागतो. संपला संवाद.

नातू आता सहावीत आहे, मी होतो त्या शाळेत नाही, दुसऱ्या. पोरगं बोलायला एकदम तेज. कराड स्टँडवरनं पाटणला, चिपळूणला, विट्याला कुठली गाडी कधी सुटते ते त्याला तोंडपाठ, नुसतं कंट्रोल रूमचं अनाउन्समेंट ऐकून ऐकून. पण त्याच गाडीची पाटी वाच म्हणलं की घाम फुटतो. वहीत बघाल तर भ आणि म एकच, ध आणि घ एकच, जोडाक्षर आलं की तिथं मोकळी जागा सोडून पुढं जातो. 'कृष्णा' हा शब्द आमच्या गावात पोरं पहिलं नाव लिहायच्या आधी शिकतात, नदीच दारात आहे, तर हा तो शब्द एकाच पानावर तीन तऱ्हेनं लिहितो आणि तिन्ही चुकीचे. विज्ञानाच्या पेपरात उत्तर बरोबर असायचं पण शब्द चुकला म्हणून लाल गोल. एका पानावर मी मोजले होते, 27 गोल. पोरगं त्या वहीला हातच लावेना. दप्तरात सगळ्यात खाली ठेवायचा ती.

तिसरीपर्यंत आम्ही पण 'लक्ष नाही, मोबाईल फार बघतो' असंच म्हणायचो. खोटं कशाला बोलू, मी दोन रट्टे पण दिलेत त्याला. मग पुण्याला सुनेच्या बहिणीनं एका बाईंकडं दाखवलं आणि तिथनं डिसलेक्सिया, डिसग्राफिया, म्हणजे वाचायची आणि लिहायची अडचण, हे शब्द आमच्या घरात आले. बायकोनं तर महिनाभर ते शब्द उच्चारले नाहीत, म्हणायची पोराच्या कपाळावर कशाला शिक्का.

तर त्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन सून एकटी शाळेत गेली. मुलगा नोकरीला बाहेर असतो, मी म्हणलं मी कशाला, आईनं बोललेलं बरं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. काय झालं विचारलं तर म्हणाली काही नाही बाबा, सर चांगलं बोलले, लक्ष देतो म्हणाले. मग रात्री भाकरी करता करता हळूहळू बाहेर आलं. वर्गशिक्षिकेनं तिला विचारलं होतं की घरी अभ्यास कोण घेतं, तुम्ही नोकरी करता का, टीव्ही किती वेळ असतो, आणि ही सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत देत शेवटी 'मी घरी जास्त घेईन अभ्यास' असं कबूल करून आली. गेली होती मागायला आणि आली माफी मागून. रिपोर्ट कुणी वाचला का विचारलं तर म्हणाली सरांनी चाळला आणि टेबलावर ठेवला. पोच घेतली का? पोच म्हणजे काय बाबा? ही बीकॉम झालेली मुलगी.

मला त्या रात्री झोप नीट लागली नाही, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. सांगतो. साधारण 2003-04 ची असेल. आमच्या शाळेत आठवीला एक मुलगी होती, कानाला मशीन होतं. तिची आई चारपाच वेळा आली, मागणी एकच, मुलीला पहिल्या बाकावर बसवा आणि सरांना सांगा फळ्याकडं तोंड करून शिकवू नका, तिला ओठ बघावे लागतात. एवढंच. पैशाचा प्रश्न नाही, नियमाचा नाही. एकदा ती कागदावर लिहून घेऊन आली होती, वहीचं फाडलेलं पान. मी म्हणलं, 'अहो ताई, लेखी कशाला, तोंडीच सांगा सरांना.' माझ्या डोक्यात तेव्हा सरळ हिशोब होता की लेखी घेतलं की आवक रजिस्टरला नोंद, नोंद झाली की नंबर, नंबर पडला की उत्तर, आणि उत्तर म्हणजे मलाच काम. कागद मी काचेखाली सरकवला. मुलगी वर्षभर वर्गशिक्षकांच्या उंचीवार बसवायच्या पद्धतीप्रमाणे चौथ्या बाकावर बसली कारण उंच होती. नववीनंतर ती शाळेत दिसली नाही. मी दाखला दिला, 'सोडण्याचे कारण : पालकांची विनंती'. अक्षर माझंच.

तर साहेब, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की या पालकांना कायदा कमी पडत नाही. कायदे भरपूर आहेत. त्यांना एक कागद आणि त्या कागदाबरोबर शेजारच्या खुर्चीवर बसणारं एक माणूस कमी पडतंय.

कागदाचं आधी सांगतो कारण ते माझं खातं. शाळेत तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. वर्गशिक्षिका बदलते, हेडमास्तर रिटायर होतात, तोंडी आश्वासन त्यांच्याबरोबर जातं. आवक नंबर पडलेला कागद मात्र राहतो, त्याची फाइल होते, तपासणीला दिसतो, म्हणून तर सगळे तो घ्यायला टाळतात. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. 'ठेवून जा, नंतर बघतो' म्हणले तर हसत हसत म्हणायचं, बसतो की, घाई नाही मला. आणि अगदीच नाही घेतला तर पोस्टात जाऊन पोच मिळेल अशा स्पीड पोस्टानं पाठवायचा. मी स्वतः लिपिक असून सांगतो, बसलेल्या माणसाचा कागद उभ्या माणसाच्या आधी निघतो.

आणि कागदावर काय लिहायचं? बहुतेक पालक लिहितात 'माझ्या पाल्याकडे कृपया विशेष लक्ष द्यावे ही नम्र विनंती'. याचं शाळा काय करणार? 'लक्ष देत आहोत' असं उत्तर येणार आणि ते खोटं आहे असं सिद्ध करायला जागाच नाही. मी सुनेला सांगितलं, विशेष लक्ष हा शब्दच खोड. आम्ही दोघांनी बसून पाच गोष्टी काढल्या, ज्या झाल्या की नाही ते कुणालाही बघून सांगता येईल. फळ्यावरचं उतरवायला वेळ पुरत नाही तर वर्गातल्या कुणाच्या तरी वहीचा फोटो मिळावा. भाषा सोडून बाकीच्या विषयात शुद्धलेखनाचे मार्क कापू नयेत. लेखी परीक्षेला तासाला 20 मिनिटं जादा मिळावीत. घटक चाचणीत एखादा प्रश्न तोंडी विचारावा. आणि सगळ्या वर्गासमोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नये. ही शेवटची सुनेनं घातली, मला सुचली नव्हती. पोरगं सकाळी पोटात दुखतंय म्हणायचं ते कुठल्या वाराला, तर मराठीच्या प्रकटवाचनाचा तास असायचा त्या वाराला, हे आईलाच माहीत.

खाली एक ओळ घातली, दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016, कलम 16 आणि 17 नुसार या सोयी मिळाव्यात. हा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे, यात दिव्यांगपणाचे 21 प्रकार आहेत आणि डिसलेक्सियासारखी अध्ययन अक्षमता त्यात धरलेली आहे. ऑटिझम आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, थॅलेसेमिया सिकलसेलपण आहेत, हे पुष्कळ शिक्षकांनाही माहीत नसतं, त्यांच्या डोक्यात दिव्यांग म्हणजे कुबडी नाहीतर काळा चष्मा. कलम 16 सरकारी शाळेला तर आहेच पण सरकारची नुसती मान्यता असलेल्या शाळेलाही आहे, म्हणजे आपल्याकडं इंग्लिश मीडियमवाले जे सांगतात ना 'आम्ही अनएडेड आहोत, आमच्याकडं तशी सोय नाही, स्पेशल स्कूलला घाला', ते चालत नाही. कलम 17 मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या तिसऱ्या भाषेतून सूट हे सरळ लिहिलेलं आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा वर असेल तर कलम 31 प्रमाणे 6 ते 18 वयापर्यंत शिक्षण मोफत, जवळच्या शाळेत किंवा आपण निवडू त्या स्पेशल शाळेत. निवड पालकांची, शाळेची नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंत थांबतो पण इथं 18 पर्यंत आहे, हे नववीत गळती होणाऱ्या पोरांसाठी फार मोठं आहे.

शाळेचं पहिलं उत्तर काय येतं ते पण सांगून ठेवतो. 'सर्टिफिकेट आणा मग बघू.' आता सर्टिफिकेटची कथा म्हणजे एक वेगळं पत्र होईल. अध्ययन अक्षमतेची तपासणी 8 वर्षांनंतर होते, मग परत 14 ला, परत 18 ला, असा केंद्राचा नियम आहे. बालरोगवाले डॉक्टर पाहिजेत, सायकॉलॉजिस्ट पाहिजे, आणि आम्हाला तीन हेलपाट्यात कळलं की एक असतात तेव्हा दुसरे रजेवर असतात. सुनेच्या एका दिवसाच्या रजेचे पैसे, एसटीचं भाडं, पोराची शाळा बुडते ती वेगळी, आणि रांगेत पोरगं विचारतं मला नक्की काय झालंय. मुंबईत सायन हॉस्पिटलला, नायरला यासाठी वेगळी क्लिनिक आहेत, आमच्या बाजूच्या माणसानं काय मुंबई गाठायची का?

पण मुद्दा असा की सर्टिफिकेट बोर्डाच्या सवलतीला लागतं, ते काढाच, आणि आठवी नववीतच काढा. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करणारे पालक मी दरवर्षी बघितलेत. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाला जातो, आपला कोल्हापूरला, आणि तारीख गेली की मी काय आणि हेडमास्तर काय कुणीच काही करू शकत नाही. मात्र पाचवीच्या वर्गात पोराला वहीचा फोटो द्यायला कुठल्या सर्टिफिकेटची गरज आहे हो? फेब्रुवारी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टापुढं यूपीएससीच्या एका उमेदवाराची केस होती, हातात पेन धरला की बोटं आखडायची, आणि 40 टक्क्यांच्या पट्टीत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. कोर्टानं सांगितलं की वाजवी सोय मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. हे मी अर्जाला जोडलं नाही, पहिल्याच अर्जाला कोर्ट दाखवलं की माणसं बिथरतात, पण खिशात ठेवलं होतं.

अजून एक आतली गोष्ट सांगतो जी तुमच्या कॉलमवाल्यांना कधीच सुचणार नाही. दरवर्षी शाळा यू-डायसला, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीच्या नोंदीत, माहिती भरते. त्यात प्रत्येक मुलापुढं विशेष गरजा आहेत का, कुठल्या प्रकारच्या, असा रकाना असतो. हा रकाना मी वर्षानुवर्षं 'नाही' असा भरला आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही, 'हो' लिहिलं की पुढं अजून चार रकाने उघडतात म्हणून. आता याचा अर्थ बघा, कागदावर आमच्या शाळेत अशी मुलं शून्य. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत अशा मुलामागं वर्षाला 3500 रुपये धरलेले असतात, साधनं, थेरपी, प्रवास भत्ता वगैरेसाठी, मुलींना महिना 200 रुपये दहा महिने वेगळे, ते शून्याला कुठनं येणार. विशेष शिक्षक शून्याला कुठनं येणार. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2021 मध्ये प्रमाण ठरवून दिलंय, पहिली ते पाचवीला अशा 10 मुलांमागं एक विशेष शिक्षक आणि त्याच्या वर 15 मुलांमागं एक, आणि मार्च 2025 मध्ये परत राज्यांना बजावलं की पदं मंजूर करा. पण प्रमाण लावायला मुलं तरी मोजलेली पाहिजेत ना. म्हणून पालकांनो, वर्षातनं एकदा शाळेत जाऊन एवढंच विचारा की माझ्या मुलाचं यू-डायसला काय भरलंय ते दाखवा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

शिक्षकांची बाजू मांडली नाही तर मी खोटा ठरेन. वर्गात पन्नाससाठ पोरं, निवडणूक, सर्वेक्षण, खिचडी, आधार, रोज एक नवीन लिंक भरायची, त्यात एका मॅडमनी एका मुलाचा पेपर तोंडी घ्यायचा म्हणजे बाकीच्यांना कुठं बसवायचं? ट्रेनिंग होतं ते दोन दिवसाचं, त्यातला एक दिवस उद्घाटनात जातो. गट साधन केंद्रातनं, आपण ज्याला बीआरसी म्हणतो तिथनं, जे विशेष शिक्षक येतात ते बिचारे मोटरसायकलवर डोंगरातल्या शाळा धरून फिरतात, त्यांना कधी कुठल्या शाळेत जायचं हे पावसावर. कित्येक वर्षं करारावर काढलीत त्यांनी. मॅडम वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. नातवाच्या वर्गशिक्षिका, ज्यांनी सुनेला तेवढे प्रश्न विचारले, त्यांनीच पुढं वहीच्या फोटोची सोय आपणहून सगळ्या वर्गासाठी केली, ग्रुपवर रोजचं टाकायला लागल्या, त्याचा आजारी पडणाऱ्या पोरांनाही उपयोग झाला. पण ते दुसऱ्या मीटिंगनंतर.

दुसऱ्या मीटिंगला मी गेलो होतो सुनेबरोबर. ठरवून गेलो की आपण बोलायचं नाही, बोलणार ती. मी फक्त एक डायरी काढली आणि पेन उघडून बसलो. साहेब, काय सांगू, त्या डायरीनं जादू केली. सर आधी 'बघू, करू' म्हणत होते ते मी लिहायला लागल्यावर 'सोमवारपासून करू' म्हणायला लागले. सून मध्ये एकदा अडखळली, डोळे भरले, तेव्हा मी एवढंच म्हणलं की सर पाणी मिळेल का, आणि पाणी येईपर्यंत ती सावरली. बाकी मी काही केलं नाही. घरी आल्यावर तिनं हेडमास्तरांना व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला, 'आज वेळ दिल्याबद्दल आभारी आहे सर. आज ठरल्याप्रमाणे...' आणि मग खाली जे जे ठरलं ते तारखेसकट. सरांनी अंगठा पाठवला. तो अंगठा आम्ही जपून ठेवलाय, स्क्रीनशॉट काढून.

तेव्हापासून लोक यायला लागले माझ्याकडं. आमच्या आळीत भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांच्या नातीला सेरेब्रल पाल्सी, चालता येतं पण धरून. शाळेनं प्रवेश दिला होता, नाकारला नव्हता, वर्ग मात्र पहिल्या मजल्यावर आणि संडासाला तीन पायऱ्या, म्हणून ती पोरगी सकाळपासून पाणीच प्यायची नाही. दहा वर्षांची पोरगी! वर्ग खाली आणायला किती खर्च आला? शून्य रुपये. पाचवी अ आणि सातवी क ची अदलाबदल. पण त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय यावा लागला. त्या समितीत आरटीई कायद्यानं 75 टक्के पालक असतात आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यायची असते, आणि 2012 च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं त्या गटात आलीत. म्हणजे मावशींच्या सुनेला तिथं बसायचा हक्क आहे. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, ती समितीच्या सभेला यायची ती चहा द्यायला.

सगळेच ऐकतात असं नाही. एक गृहस्थ आले होते, मुलाला ऑटिझम, त्यांना सगळं पाहिजे होतं पण लेखी काही नको. म्हणले नाव लागेल, मोठ्या मुलीचं लग्न व्हायचंय. मी काय बोलणार. मी त्यांना चहा पाजला आणि माझा नंबर दिला. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते मलाही माहीत नाही, आमच्या घरात बायकोनं महिनाभर तो शब्द काढला नव्हता हे वर लिहिलंच आहे.

आणि काही पालक उलट टोकाचे, पहिल्या दिवशीच 'सरांना कोर्टात खेचतो' म्हणून येतात. त्यांना मी बसवतो आधी. वरचा रस्ता आहेच. गटशिक्षणाधिकारी आहेत, जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी आहेत, पुण्याला दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. कायदा मोडला तर पहिल्या वेळी 10 हजारापर्यंत दंड आणि परत मोडला तर 50 हजार ते 5 लाख. हे सगळं खरं. पण पोरगं उद्या सकाळी त्याच वर्गात त्याच मॅडमसमोर बसणार आहे ना, म्हणून पायऱ्या एकेक चढायच्या. वर जायची वेळ आली तर खालच्या प्रत्येक पायरीचा आवक नंबर हातात पाहिजे, नाहीतर वरचा साहेब पहिलाच प्रश्न विचारतो, शाळेला कळवलं होतं का?

माझा भाचा न्यू जर्सीत असतो, त्याच्या मुलीला बोलण्याची अडचण आहे. तो सांगत होता तिकडं 1975 पासून कायदा आहे, दर वर्षाला किमान एकदा मीटिंग होते, शाळेनं त्या मुलापुरता लेखी प्लॅन करायचा, त्यात आईबाप टीमचे मेंबर म्हणून बसतात, विनंती करायला आलेले म्हणून नाही. मुलाची माहिती असलेलं कुणीही माणूस त्यांना बरोबर नेता येतं, आणि इंग्रजी येत नसेल तर शाळेनं दुभाषा द्यायचा. एवढं असूनही तिकडं प्रत्येक राज्यात पालकांना हे सगळं शिकवायला सरकारी पैशावर चालणारं निदान एक तरी केंद्र आहे. मला त्यातलं हेच पटलं. त्या लोकांना कळलंय की नुसता हक्क दिला की आईला तो मागता येतोच असं नाही, कुणीतरी शिकवायला लागतं.

आपल्याला बिल्डिंग नको, फंड नको. प्रत्येक तालुक्याला बीआरसी आहेच. तिथं महिन्यातला एक शनिवार ठरवा, एक टेबल टाका, त्यावर एक विशेष शिक्षक, एक ज्यांनी आपल्या मुलासाठी हे सगळं केलंय असे पालक, आणि एक आमच्यासारखा रिटायर्ड लिपिक किंवा मास्तर. अर्ज लिहून द्यायचा, कुठला कागद कुठं जातो ते सांगायचं, आणि पालक म्हणाले तर मीटिंगला बरोबर जायचं, डायरी घेऊन. रिटायर्ड लोकांची काय कमी आहे? सकाळी प्रीतिसंगमावर या, यशवंतरावांच्या समाधीच्या बाजूला आमचा मोठा घोळका असतो, त्यात माजी हेडमास्तर चार, केंद्रप्रमुख दोन, मी. रोज राजकारणावर भांडतो आणि घरी जातो. सगळ्यांना जीआर कसा वाचायचा ते येतं. मी विषय काढला तेव्हा दोघं तयार झाले, एक म्हणाले आपल्याच जुन्या शाळेत समोर जाऊन बसायला लाज वाटते. मी म्हणलं मला पण वाटते, तरी पण जातो. ज्या टेबलाच्या आत बसून मी कागद काचेखाली सरकवला त्या टेबलाच्या बाहेर आता मी बसतो आणि पोच मागतो, शिक्का मारणारा पोरगा माझ्या नातवापेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल, तो म्हणतो काका तुम्ही तरी समजून घ्या.

2023 पासून पाचवीला आणि आठवीला परत वार्षिक परीक्षा आलीय हे तुम्हाला माहीत आहेच, पुनर्परीक्षेतही नापास झाला तर त्याच वर्गात ठेवता येतं. म्हणून गेल्या वर्षी घरात फार टेन्शन होतं. नातवाला जादा वेळ मिळाला. पेपर झाल्यावर मी गेटवर उभा होतो, सगळी पोरं बाहेर आली, हा शेवटी आला, मी विचारलं कसा गेला, तर म्हणाला आज्जा, शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचलो पहिल्यांदा. बरोबर आहे का चूक ते नाही सांगितलं त्यानं, मी पण नाही विचारलं.

अर्जाचा नमुना सोबत जोडलाय, कायद्याची कलमं त्यात आहेत, नाव आणि इयत्तेची जागा मोकळी ठेवलीय. माझं पत्र लांब झालंय, कापावं लागलं तर हे सगळं कापा पण नमुना तेवढा छापा, आणि कात्री मारून काढता येईल अशा चौकटीत छापा. माझं नाव मात्र देऊ नका, नातू अजून त्याच शाळेत आहे.

आपला,
एक निवृत्त शाळा लिपिक,
कराड